ऑइलमधली चकाकी

दाभोळच्या जेट्टीवर मोटारसायकल फेरीबोटीत चढवायची, वासिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरायचं, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ गाठायचं आणि तिथून पुन्हा फेरीबोटीने पलीकडे जयगडला जायचं. उत्तर कोकणातून रत्नागिरीकडे किनाऱ्याने जाणारा हा रस्ता मला महामार्गापेक्षा कितीतरी जवळचा वाटतो. पाऊस नुकताच सरला होता. भाताची कापणी चालू होती आणि कातळावरचं गवत पिवळं पडू लागलं होतं. खाडीपर्यंत उतार, खाडी संपली की चढ, असं दिवसभर चाललेलं. अशा रस्त्यावर इंजिनाला उसंत मिळत नाही; दुसरा-तिसरा गिअर, सतत क्लच, चढणीवर वाढणारी उष्णता. आरे-वारेच्या वळणांवरून खालचा समुद्र बघत मी रत्नागिरीत शिरलो. पुढे पावस, विजयदुर्ग, मालवण आणि शेवटी तेरेखोल, असा बेत होता. रत्नागिरीत फक्त ऑइल बदलायचं होतं.

गॅरेजमधले मेस्त्री वयस्क आणि सावकाश काम करणारे होते. गाडी लावताच त्यांनी इंजिनाला हात लावून पाहिलं. "गरम आहे ते बरं. थंड इंजिनातला गाळ तळालाच बसून राहतो." खाली पांढरा ट्रे सरकवून त्यांनी ड्रेन बोल्ट सोडला. माझ्या गाडीच्या या बोल्टाच्या टोकाला लोहचुंबक आहे. त्यावर करड्या रंगाचा लेप होता, तो नेहमीच असतो. मेस्त्रींनी लेप बोटांत चोळला आणि हात उन्हात धरला. करड्या लेपात बारीक चपटे तुकडे चमकत होते.

"पीठ असेल तर चालतं, भाऊ," ते म्हणाले. "ही खपली आहे."

बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलमध्ये फिरतात. गिअरचे दात एकमेकांवर घासतात, क्लचच्या पोलादी प्लेटा झिजतात आणि त्याची भुकटी चुंबकावर जमते. नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसला तर ऑइल चमकतंच, कारण नवे भाग एकमेकांत बसत असतात. ती झीज रीतीची. मात्र हजारो किलोमीटर नीट चाललेल्या इंजिनातून नखाने उचलता येईल असा तुकडा आला, तर आत काहीतरी फुटतं आहे.

मेस्त्रींनी ऑइल जुन्या सुती कापडातून गाळलं आणि कापडावर उरलेले कण रॉकेलने धुऊन स्टीलच्या ताटलीत घेतले. ताटलीजवळ चुंबक आणल्यावर बहुतेक तुकडे त्याकडे धावले, म्हणजे ते पोलादाचे. दोन-चार पांढुरके, हलके कण जागचे हलले नाहीत. ते ॲल्युमिनियमचे, बहुधा क्लच बास्केटचे. पितळी झाक असलेला एकही कण नव्हता, त्यामुळे काशाच्या बुशांवरचा संशय मिटला. फिल्टर कापून त्याच्या कागदी घड्या उलगडल्या, तर तिथेही तशाच खपल्या. एक बाजू आरशासारखी गुळगुळीत, दुसरी खरबरीत. "बेअरिंगची रेस सोलतेय," मेस्त्री म्हणाले. रेस म्हणजे ज्या कड्यावरून बेअरिंगच्या गोळ्या फिरतात ते कडं.

इंजिनाच्या आवाजात मात्र काहीच फरक नव्हता. मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. घरघर नाही, कंप नाही, ताकद कमी झालेली नाही. कानाला कळायच्या आधी ऑइलने सांगितलं होतं.

मालवणचा रस्ता तिथेच थांबला; इंजिन उघडायचं तर आता कोल्हापूर गाठायला हवं होतं. "हळूहळू कोल्हापूरपर्यंत नेऊ का?" असं विचारताच मेस्त्रींनी मान हलवली. आंबा घाटात बेअरिंग अडकलं, तर मागचं चाक जाम होईल. मोटारसायकल छोट्या टेम्पोत दोरांनी बांधली आणि मी ड्रायव्हरशेजारी बसलो.

कुवारबावला रेल्वे स्टेशन मागे पडलं. तेव्हा वाटलं, मेस्त्रींनी ताटलीत केलेलं काम रेल्वेने केव्हाच प्रयोगशाळेत नेलं आहे. डिझेल शेडमध्ये लोकोमोटिव्हच्या ऑइलचे नमुने ठरावीक काळाने तपासतात. तांबं आणि शिसं वाढलं की बेअरिंगकडे बघायचं, क्रोमियम वाढलं की लायनर आणि रिंगांकडे. ऑइलमधले धातू असे मोजण्याची पद्धत १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेने सुरू केली. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये तर चुंबकी डिटेक्टर बसवलेला असतो. कण जमून त्याच्या दोन टोकांमधली फट जोडली गेली, की विद्युतमंडल पूर्ण होऊन वैमानिकासमोर दिवा लागतो.

हातखंबा, पाली, साखरपा गेलं आणि घाट सुरू झाला. एरवी इथे नजर वळणावर खिळलेली असते. या वेळी दरीतलं दाट रान, वर चढत येणारं धुकं आणि हवेतला गारठा निवांत अनुभवता आला. माथ्यावर आंबा गावात चहा झाला. मलकापूर ओलांडलं आणि उसाची शेतं सुरू झाली.

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर म्हणजे लेथ, प्रेस आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांची गल्लोगल्ली पसरलेली दुनिया. देशातल्या वाहन उद्योगाला कास्टिंग पुरवणाऱ्या फाउंड्र्यांचं हे शहर आहे. इथल्या मेस्त्रींनी माझ्याकडून आधी खपल्यांची पुडी मागून घेतली. नीट निरखून म्हणाले, "वेळेत आलाय बघा. काय काळजी करू नका."

इंजिन उघडलं. क्रँकच्या एका बाजूच्या मेन बेअरिंगच्या आतल्या रेसवर खड्डे पडलेले होते. पोलादावर लाखो वेळा भार येऊन पृष्ठभागाखाली सूक्ष्म भेगा पडतात आणि वरचा थर सुटतो, तसं झालं होतं. जुनं बेअरिंग पुलरने काढलं. नवं सी-थ्री मापाचं आणलं. इंजिन तापल्यावर आतल्या गोळ्यांना जागा उरावी, म्हणून त्यात फट थोडी जास्त असते. क्रँककेस तापवताच तिचं ॲल्युमिनियम प्रसरण पावलं आणि बेअरिंग हातोडा न लावता जागेवर बसलं. सर्वांत जास्त वेळ गेला तो धुण्यात. ऑइल पंप, जाळी, प्रत्येक वाट हवेच्या दाबाने साफ केली, कारण मागे राहिलेली एक खपलीसुद्धा नवं बेअरिंग खाऊ शकते. जुनं ऑइल त्यांनी ड्रममध्ये साठवलं. गटारात एक थेंब जाऊ दिला नाही.

परतताना राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट उतरून मी मालवण गाठलं. ५०० किलोमीटर होताच ऑइल पुन्हा काढलं, कापडातून गाळलं, उन्हात धरलं. चुंबकावर बारीक करडं पीठ, बाकी काही नाही. मग तेरेखोलकडे निघालो.

लांबच्या वाटेवर आपण टायर बघतो, ब्रेक बघतो, चेन बघतो; जुनं ऑइल मात्र न बघताच ओतून टाकलं जातं. बंद इंजिनातून बाहेर येणारी तेवढीच खबर असते. ऑइल बदलायला द्याल तेव्हा तिथेच उभे राहा, पांढरा ट्रे मागा आणि मेस्त्री बोल्ट पुसण्याआधी तो हातात घ्या.