मुलकोवालची बाटली

परळची हाफकिन संस्था आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनी बाहेरून पाहिली असेल. एके काळी तेथे मुंबईच्या गव्हर्नरांचा निवास होता. त्या प्रासादात लस कशी आली, ही हकीगत पालकांनीही ऐकण्याजोगी आहे.

सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस मांडवी भागात प्लेग प्रकट झाला. पुढील महिन्यात शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन येथे आले. सरकारने त्यांस ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, ओवरीचा थोडा भाग, एक कारकून व तीन शिपाई दिले. एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिन्यांत लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली व गुण दिसून आला. त्या खोलीची गोष्ट मुलांस सांगताना आम्ही शिक्षक हाफकिनसाहेबांच्या चिकाटीची थोरवी गातो. ती खोली सरकारच्या कृपणपणाचीही खूण होती, हे मात्र सांगावयाचे राहून जाते. परळची वास्तू प्रयोगशाळेस मिळण्यास १८९९ साल उजाडले.

पुढे पंजाबात मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याचे सरकारने ठरविले. मागणी एकाएकी वाढली, तेव्हा लस लवकर तयार व्हावी म्हणून तिच्या कृतीत फेरफार करण्यात आला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल गावी १०७ जणांस लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशी समितीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेकडे लावला व हाफकिन पदावरून दूर झाले. वस्तुतः त्या दिवशी बूच काढावयाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता त्याच बाटलीस लावला होता. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या टाइम्स पत्रातून जाहीर पत्र लिहिले, तेव्हा कोठे हाफकिन निर्दोष ठरले. सत्यास सरकारदरबारी पोहोचावयास पाच वर्षे लागली. दरम्यान पंजाबातील लोकांचा लशीवरील विश्वास उडाला होता, आणि त्याच १९०७ साली हिंदुस्थानात प्लेगने १२ लाखांहून अधिक माणसे मेली. सारेच लशीने वाचले असते असे कोण म्हणेल? परंतु त्यांतील किती जण केवळ भीतीने सुईपासून दूर राहिले असतील, हा विचार आम्हांस अस्वस्थ करितो.

सन २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रातील शाळांतून गोवर-रुबेलाची लस देण्यात आली. त्या वेळी एक पालक आम्हांस भेटावयास आले. “गुरुजी, बाटली चांगली आहे कशावरून?” असा त्यांचा प्रश्न. शेजारी कोणी हसले. आम्हांस तो प्रश्न रास्त वाटला. आम्ही सांगितले की, लशीची प्रत्येक खेप बाजारात येण्यापूर्वी कसौलीच्या सरकारी प्रयोगशाळेकडून तपासली जाते, आणि त्या तपासणीस माणसे, यंत्रे व पैसा लागतो.

दुसरी बाजूही आम्ही लपविली नाही. सन २००८ च्या जानेवारीत कसौली, कुन्नूर व गिंडी येथील तीन जुन्या सरकारी संस्थांचे लस बनविण्याचे परवाने स्थगित झाले, कारण तेथील व्यवस्था ठरल्या दर्जास उतरत नव्हती. दर्जाचा आग्रह योग्यच. पण इमारती व यंत्रे काही एका रात्रीत जुनी होत नाहीत! परवाने २०१० साली पूर्ववत झाले. मधल्या काळात लशींची टंचाई भासली, आणि दीड महिन्याचे मूल काही दप्तरातील कागद हलेपर्यंत दीड महिन्याचे राहात नाही.

गृहस्थांनी सारे शांतपणे ऐकले. “मग ही बाटली कोठली?” त्यांनी विचारले. आम्ही परिचारिकाबाईंकडून बाटली मागून घेऊन त्यांच्या हाती दिली. ती पुण्यात तयार झालेली होती. त्यांनी चष्मा लावला आणि खेपेचा क्रमांक व मुदतीची तारीख दोनदा वाचली.