आठवी नस

भुवया वर करा. डोळे गच्च मिटा. गाल फुगवा, दात दाखवा, आता आ करा, जीभ बाहेर काढा, खांदे उडवा. बाकावर बसलेल्या नातेवाइकांना हा पोरखेळ वाटतो. एखादी सून पदराआड हसतेही. पण मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या तपासायच्या तर त्यांना अशी छोटी छोटी कामं सांगण्यावाचून गत्यंतर नाही. प्राचीन वैद्य गॅलनच्या हिशेबात या जोड्या सातच होत्या. १७७८ साली झोमरिंग या जर्मन तरुणाने त्या बारा मोजल्या, आणि आजही आम्ही तेवढ्याच मोजतो.

मला यातली सातवी फार आवडते, कारण ती उलटं बोलते. सकाळी उठल्यावर तोंड वाकडं झालेला माणूस येतो. घरचे म्हणतात, वारं गेलं. मी कपाळाला आठ्या घालायला सांगतो. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात. त्यामुळे मेंदूत एका बाजूला बिघाड झाला तरी आठ्या पडतात. कपाळही गुळगुळीत राहिलं आणि डोळाही मिटेना, तर बहुधा नसच रुसलेली असते. म्हणजे ज्याचा चेहरा जास्त बिघडलेला दिसतो, तोच बऱ्याचदा जास्त सुखरूप. नातेवाइकांना हे पटवणं औषध लिहिण्यापेक्षा अवघड.

चौथी सगळ्यांत बारीक. एकच स्नायू सांभाळते, पण ती बिघडली की जिना उतरताना एका पायरीच्या दोन दिसतात. बारावी गेली तर बाहेर काढलेली जीभ दुबळ्या बाजूकडे वळते. पहिलीला मात्र कुणी विचारत नाही. कागदावर ‘सर्व नसा ठीक’ असं लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी रोग्याच्या नाकाशी लवंग किंवा कॉफी धरलेली असते, हे न विचारलेलं बरं. (अमोनियासारखं झोंबणारं काही धरलं तर पाचवी नसच ओरडून उठते, आणि पहिली फुकटात पास होते.) २०२० साली माणसांना फोडणीचा वास येईनासा झाला, तेव्हा कुठे पहिलीचे दिवस पालटले.

भिवंडीत मात्र पुस्तकातला क्रम चालत नाही. इथे आठवीची, म्हणजे ऐकण्याच्या नसेची, परीक्षा आधी होते, तीही रोग्याला नाव विचारतानाच.

मागाच्या गाळ्यात शिरलं की पहिल्यांदा आवाज छातीवर आदळतो. धोटा इकडून तिकडे फेकला जातो, ठोकर खातो, परत येतो, आणि असे कितीतरी माग एका पत्र्याखाली. आठ तासांसाठी ९० डेसिबल ही आपल्या कारखान्यांच्या नियमांतली मर्यादा. असे गाळे ती सहज ओलांडतात, आणि पाळी तर बारा तासांची. आतल्या कानाच्या शंखात केसाळ पेशी असतात. त्या आधी मरतात, आणि मेलेल्या पुन्हा उगवत नाहीत.

गंमत अशी, की आमचा नादकाटा हे पकडत नाही. तो सेकंदाला ५१२ कंपनांचा. गोंगाटाने जाणारं ऐकणं आधी जातं ते ४००० च्या आसपास. म्हणून काटा वाजतो, रोगी मान डोलावतो, आणि घरी नातवाचं बोलणं त्याला कळत नाही. ‘आवाज येतो, शब्द येत नाही,’ असं पद्मानगरातले एक तेलुगू विणकर मामा मला म्हणाले. अगदी अचूक निदान. स, श, फ अशा बारीक ध्वनींची कड आधी झिजते. स्वर उरतात, आणि स्वरांवर माणूस किती दिवस अंदाज बांधणार?

ग्लासगोचे डॉक्टर थॉमस बार यांनी १८८६ साली बॉयलर बनवणाऱ्या कामगारांच्या कानाशी खिशातलं घड्याळ धरलं, आणि ते किती अंतरावरून ऐकू येतं ते मोजलं. मी तसं करू गेलो तर भिंतीपलीकडचा माग घड्याळ गिळून टाकेल. कुजबुजून आकडे सांगायची परीक्षाही तशीच. दवाखाना आधी गप्प हवा ना!

मग माणसं करतात काय? ओठ वाचतात. लँकेशायरच्या गिरण्यांमधल्या बायका तोंड मोठं करून, आवाज न काढता एकमेकींशी बोलत. आमच्या गाळ्यांतही कांडी संपली, धागा तुटला, चहा आला, सगळं भुवया आणि ओठांवर चालतं. सातवी नस आठवीची पाळी भरून काढते. म्हणूनच ही मंडळी माझ्या डोळ्यांकडे पाहत नाहीत, तोंडाकडे पाहतात. मी त्यांची सातवी तपासत असतो, तोवर त्यांनी माझी वाचून झालेली असते.

कोविडच्या दिवसांत हेच मामा आले. त्यांना वास येत नव्हता. मी दुहेरी मास्क लावून, दूर उभा राहून, आवाज चढवून प्रश्नांवर प्रश्न विचारत सुटलो. मामा काही वेळ नुसते पाहत राहिले. मग माझ्या तोंडाकडे बोट करून म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, ते फडकं काढा. ऐकू येत नाही.’