आज्जीची बाज आणि तीन चोर



सूर्यास्ताआधी जेवणं उरकली की आपल्या घरांत संध्याकाळ मोठी उरते. यंदा उन्हाळ्यात माझ्या लेकीनं ती वेळ एका कामाला लावली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे ती. तिनं आकाशाचा नकाशा बनवायला घेतला, फोनवर बोटानं फिरवता येईल असा. ताऱ्यावर बोट टेकवलं की नाव दिसतं.

एवढे तारे आणायचे कुठून? ते आधीच मोजून ठेवलेले आहेत. युरोपच्या हिप्पार्कोस उपग्रहाच्या मोजमापांवरून 1997 मध्ये 1,18,218 ताऱ्यांची यादी प्रसिद्ध झाली. ती कुणालाही फुकट मिळते. प्रत्येक ताऱ्याला एक क्रमांक, त्याची जागा सांगणारे दोन आकडे आणि तेजाचा एक. नुसत्या डोळ्यांना साऱ्या पृथ्वीवरून मिळून नऊ हजारांच्या आसपास तारे दिसतात, म्हणून लेकीनं तेवढेच घेतले.

मग नकाशाला गाव आणि वेळ सांगावी लागते. सांगलीत ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण 17 अंश वर दिसतो, दिल्लीत जवळजवळ 29. शिवाय प्रत्येक तारा रोज चार मिनिटं आधी उगवतो. हे गणित ती 'स्टेलॅरियम'चा कोड वाचून शिकली. फाबिएँ शेरो या फ्रेंच माणसानं ते 2000 साली सुरू केलं आणि कोड खुला ठेवला. आपण पापडाचं प्रमाण विचारणारीला सांगून टाकतो ना, तसंच हे. घ्या, हवं तर बदला, पण पुढचीलाही सांगा.

नकाशा तयार झाल्यावर तिनं तो आज्जीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना दाखवला. त्या शिरोळकडच्या शेतकरी घरातल्या, आता पंच्याऐंशीच्या. सप्तर्षींवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही तर म्हातारीची बाज हाय. हे चार खूर, आन् मागं तीन चोर."

नकाशात बाज नव्हती. ती फक्त सासूबाईंच्या आठवणीत होती. त्यांच्याबरोबर रात्री रानात पाणी पाजायला जाणाऱ्या जावा आता राहिल्या नाहीत. त्यांनाही वरचं आकाश धूसरच दिसतं. आणखी काही वर्षांनी हे नाव सांगणारं आमच्या घरात कोणी उरलं नसतं.

नकाशात तारे एका फाइलमध्ये असतात, रेषा आणि नावं दुसऱ्या. त्यामुळे तारे जागचे न हलवता चित्र बदलता येतं. लेकीनं 54061, 53910, 58001, 59774 हे क्रमांक जोडले, बाज झाली. 62956, 65378, 67301 हे तीन चोर. याच सोयीमुळे पंचांगातली 27 नक्षत्रं आणि आपल्या आगमांतली अभिजित धरून 28, दोन्ही एकाच आकाशात मांडता येतात. एकाचं लिहिण्यासाठी दुसऱ्याचं खोडावं लागत नाही.

आता सासूबाईंना आठवेल तसं एकेक नाव आम्ही वहीत उतरवतो. तारा कुठला ते लेक शोधते. तुमच्या घरी आज्जी, आत्या, मोठ्या जाऊबाई असतील, तर त्यांनाही विचारा: या ताऱ्यांना तुमच्या गावी काय म्हणायचे? आणि त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. नकाशात जागा भरपूर आहे.