पुढे होणाऱ्या राजांना

संपादकांनी विषय कळवला : ‘माहीम – काल, आज, उद्या’. मी शिलालेख आणि मोडी कागद वाचणारा माणूस. उद्याचं मला सहसा कुणी विचारत नाही. तरी होकार दिला, कारण गेल्या श्रावणातली एक गोष्ट मनातून जात नाही.

माहिमातल्या एका जुन्या वाडीतले चौघे घरी आले होते. वाडी पुनर्विकासात चालली आहे. पाडण्याआधी स्मरणिका काढायची, तिच्यात ‘आमचे पूर्वज ११३८ साली बिंबराजाबरोबर आले’ असं छापायचं आणि खाली माझी सही हवी. मी दिली नाही. त्यांच्यातले वयस्कर गृहस्थ दुखावले. ‘‘सर, बखरीत लिहिलंय की!’’

लिहिलं आहे. ‘महिकावतीची बखर’ इतिहासकार राजवाड्यांनी १९२४ साली छापली आणि बिंबराजा कोकणात आल्याचं तिच्यातलं शके १०६०, म्हणजे इसवी सन ११३८, हे साल माहिमाच्या जन्मसालासारखं तोंडोतोंडी झालं. पण परळला सापडलेला एक शिलालेख ११८७च्या सुमाराचा आहे, शिलाहार राजा अपरादित्याचा. साष्टीतल्या उत्पन्नाचं दान त्यात आहे. माहिमात बिंबांचं राज्य होतं, तर शेजारच्या साष्टीतलं उत्पन्न शिलाहार कसा देतो? बिंब मांडलिक असेल, असं उत्तर मिळतं. मांडलिक असेल तर त्याचा एखादा लेख दाखवा. शेवटच्या शिलाहार सोमेश्वराला महादेव यादवानं १२६५च्या सुमारास बुडवलं, तोवर उत्तर कोकणात लेख सापडतात ते शिलाहारांचे. मग देवगिरीवर १२९६ साली खिलजीची स्वारी झाली आणि रामदेवरावाचा मुलगा भीमदेव कोकणात उतरला, अशी दुसरी परंपरा आहे. भीम आणि बिंब यांची गल्लत नकलाकारांच्या हातून झाली असावी, असं माझं मत आहे. शिवाय माहीम दोन : हे आपलं आणि पालघरकडचं केळवे-माहीम. कुठलं वाक्य कुठल्या माहिमाचं, यावर माझी कित्येक वर्षं गेली. वाचकांना हे किचकट वाटेल, पण एक साल छापण्याआधी एवढं चालावं लागतं.

लोकांना वाटतं, बखर म्हणजे जन्माचा दाखला. बखर एका हातची नाही. तिचा जुना भाग केशवाचार्यांचा, १४४८ सालचा. तेव्हा माहीम गुजरातच्या सुलतानाकडे होतं. ज्यांच्या दर्ग्याला आजही सारं माहीम जातं, ते मखदूम फकीह अली माहिमी जाऊन सतराच वर्षं झाली होती. देवीनं दृष्टांत देऊन महाराष्ट्रधर्म राखायला सांगितलं, असं बखर म्हणते. म्हणजे ती लिहिली गेली आपलं पुढे काय होणार या काळजीतून. बिंबाच्या काळापेक्षा १४४८ सालच्या माणसांच्या जिवाची घालमेल तिच्यात मला जास्त स्पष्ट ऐकू येते. वाडीतल्या त्या चौघांचीही तीच होती. हे मला ते गेल्यावर सुचलं, आणि तेच सलतं आहे.

जुन्या ताम्रपटांच्या शेवटी दान देणारा राजा पुढे होणाऱ्या राजांना विनवतो : माझं दान मोडू नका. गधेगळीच्या, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या दगडाच्या, माथ्यावर चंद्र-सूर्य कोरतात, ते आहेत तोवर हे चालावं म्हणून. चाळीस वर्षं मी ही वाक्यं भूतकाळातली म्हणून वाचली. खरं तर ती आपल्याला उद्देशून आहेत.

त्या दिवशी निरोप देताना मी एवढंच म्हटलं होतं : पाया खणताना कोरीव दगड निघाला, तर राडारोड्यात टाकू नका. दगड अजून निघालेला नाही. पण दसऱ्याच्या आधी त्यांच्यातल्या तरुण मुलाचा फोन आला. ‘‘काका, माळ्यावर मोडी वही सापडलीये. वाळवी लागलीये. फेकायची नाही ना?’’

वही माझ्या टेबलावर आहे. राजा-बिजा कुणी नाही तिच्यात. वाडीच्या विहिरीच्या दुरुस्तीचा हिशेब आहे : चुना, गवंड्यांची मजुरी, गाळ उपसणाऱ्यांना दिलेले पैसे आणि वर्गणीदारांची नावं. वाळवीनं खाल्लेली दोन नावं अजून लागत नाहीत. त्या दोन घरांसाठी वयस्कर गृहस्थांना रविवारी बोलावलं आहे.