अप्पर आणि डिपर

ट्रकच्या पाठीवर जे वाङ्मय लिहिलेलं असतं, त्याची दखल अजून कुठल्या साहित्य संमेलनानं घेतलेली नाही. पण त्यातलं एक वाक्य मला लाखमोलाचं वाटतं : ‘यूज डिपर अ‍ॅट नाइट.’ दिवा लावा, असं सांगणारे जगात पुष्कळ भेटतात. दिवा जरा खाली करा, असं सांगणारा विरळाच!

चाळिशी उलटली की रात्रीचा रस्ता हळूहळू आखूड होऊ लागतो. त्यात आमचा मुलूख कोल्हापूरकडचा. दिवाळी सरते न सरते तोच कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि रस्ते उसाच्या गाड्यांनी भरून जातात. प्रकाशाचा हिशेबही मोठा कद्रू आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. लांबचं नीट दिसावं म्हणून मी आमच्या जुन्या मोटारीला दोन जादा दिवे बसवायचे ठरवले.

मिस्त्री हुशार होता. 55 वॅटचे दोन दिवे आणि 12 व्होल्टची बॅटरी, म्हणजे नऊ अँपियरहून थोडा अधिक प्रवाह. एवढा भार सरळ बटणातून नेला तर बटण तापून जायचं. म्हणून मध्ये रिले. बटणानं नुसता निरोप द्यायचा. ओझं बॅटरीकडून आलेल्या जाड तारेनं वाहायचं. बॅटरीलगत एक फ्यूज, वेळ आली तर स्वतः जळून बाकीच्यांना वाचवणारा. हे सारं समजावून झाल्यावर त्यानं विचारलं, “गुरुजी, ह्यांना वेगळं बटण देऊ, का अप्परलाच जोडू?”

“फरक काय?”

“अप्परला जोडले तर तुम्ही डिपर दिला की हेही आपोआप विझणार. वेगळं बटण असलं की तुमची मर्जी. समोरचा डिपर देत नसला, तर त्याला दाखवता येतं!”

‘दाखवता येतं’ हे ऐकून मला क्षणभर गुदगुल्या झाल्या, हे कबूल केलं पाहिजे. तरी मी म्हटलं, “अप्परलाच जोड.”

त्याच डिसेंबरात नरसोबाच्या वाडीहून आम्ही रात्री परतत होतो. समोरून एक मोटार आली, पांढऱ्याशुभ्र दिव्यांचा लोट सोडत. मी डिपर दिला. त्या गृहस्थांचे दिवे काही खाली येईनात. सौभाग्यवतींनी डोळ्यांवर पदर ओढला आणि म्हणाल्या, “लावा की तुमचेही नवे दिवे!”

मी वेग उतरवला आणि डावी कड धरली. दिपलेला डोळा सावरायला दोन-तीन सेकंद तरी जातात, आणि ताशी 60 किलोमीटरच्या वेगात तीन सेकंद म्हणजे 50 मीटर! ती मोटार निघून गेली. अंधार हळूहळू निवळला, तेव्हा पुढे वीसेक पावलांवर उसानं लादलेली बैलगाडी चालली होती. मागे दिवा नाही, काही नाही. आसाखाली एक कंदील तेवढा झुलत होता. घर येईपर्यंत सौभाग्यवती एक शब्द बोलल्या नाहीत.

सूडाचे दिवे लावले असते, तर समोरचा आंधळा झाला असता आणि माझी दृष्टी तसूभरही वाढली नसती. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत दिव्याच्या झोताबद्दल एक कलम आहे. 8 मीटर अंतरावरच्या, दीड मीटर उंचीवरच्या डोळ्याला तो दिपवणारा नसावा, असा त्याचा आशय. मला हे कलम फार आवडतं. दिवा माझा, बॅटरी माझी, पैसे माझे. पण माप घेतलं आहे ते समोरच्याच्या डोळ्यापासून!

त्या गाडीवानाला डिपर देता येत नव्हता आणि मोठा दिवा परवडतही नव्हता. ‘मी इथं आहे, बाबांनो,’ एवढंच त्याचा कंदील सांगत होता. ते ऐकू यावं इतपत मंद उजेड आपण ठेवला, तर रात्रीचे रस्ते सर्वांनाच पुरतील.