अतिभार

सावंगी (मेघे) येथे रुग्णालयाच्या परिसरात औषधांचे एक जुने दुकान आहे. दुकानमालकांची कन्या वाणिज्य शाखेची पदवीधर झाली, तेव्हा पुढील शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला. वडिलांचा आग्रह मनुष्यबळ व्यवस्थापनाचा, तिची ओढ मानसशास्त्राकडे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये दोन पदव्या एकाच वेळी घेण्याची मुभा दिली होती. त्यामुळे ती व्यवस्थापनासाठी नागपूरला जाऊ लागली आणि मानसशास्त्र दूरशिक्षणाने शिकू लागली. २०२५ पासून मानसशास्त्राला दूरशिक्षणाने प्रवेश देणे बंद झाले. तिचा प्रवेश त्याआधीचा.

त्याच सुमारास दुकानातील जुन्या काकांच्या हातून चुका होऊ लागल्या. मागणीची नोंद राहून गेली, मुदत संपलेली औषधे फळीवरच सापडली. वडिलांनी त्यांना कामावरून कमी करण्याचे ठरवले. कन्येने आठ दिवस मागून घेतले.

व्यवस्थापनाच्या पुस्तकाप्रमाणे तिने प्रश्नावली केली. काकांचे उत्तर एकच होते, “काही नाही, ताई. लक्ष राहत नाही.”

मानसशास्त्राच्या अभ्यासात तिने शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्याविषयी वाचले होते. तेथे १९२८ ते १९३० या काळात वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती झाल्या. ठरावीक प्रश्नांनी फारसे हाती येईना, तेव्हा कामगारांना मनातले मोकळेपणाने बोलू देण्यात आले.

तिने कागद बाजूला ठेवला. रात्री दुकान आवरताना ती काकांजवळ नुसती बसली. हळूहळू उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी दुसरा नोकर सोडून गेला होता. त्याचे सारे काम काकांवर आले होते. दुपारच्या गर्दीत त्यांचा डबा कित्येकदा न उघडताच घरी परत जाई.

“त्याने कधी तक्रार केली नाही,” वडील म्हणाले.

आजींनी हातातील माळ थांबवली. “अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. प्रतिक्रमणात रोज म्हणतोस ना? अतिचार काय फक्त बैलाच्याच बाबतीत होतो?”

वडील काहीच बोलले नाहीत. पंधरवड्यातच दुकानात नवा मदतनीस आला.

काकांच्या चुका कमी झाल्या, पण पूर्णपणे थांबल्या नाहीत; वयही झाले आहे. मात्र आता दुपारी दीड वाजता त्यांचा डबा उघडतो आणि त्या अर्ध्या तासात शेठजी स्वतः औषधे काढून देतात.