दुभाष्यांचें कुटुंब

एकत्र कुटुंबाच्या गुणदोषांवर आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांत संगणकाच्या पोटांत नांदणाऱ्या एका कुटुंबाची भर घालावी, असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहें.

संगणकास जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची बोली निराळी असते. छपाईयंत्राची एक, कळफलकाची दुसरी, कॅमेऱ्याची तिसरी. या बोली संगणकाच्या मूळ प्रणालीस समजावून सांगणारा जो दुभाषी, त्यास ड्रायव्हर म्हणतात. दुभाषी नसेल तर धडधाकट यंत्रही मुकें ठरतें.

१९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स प्रणालीचा पाया घातला. उपकरण कोणतेंही असो, प्रोग्रामास तें एखाद्या फाइलीसारखेंच दिसावें, अशी युक्ति त्यांनीं योजिली. उघडणें, वाचणें, लिहिणें, मिटणें, एवढ्या चार क्रियांत बहुतेक व्यवहार उरकतो; जें यांत बसत नाहीं त्यासाठीं पुढें एक वेगळी क्रिया राखून ठेवण्यांत आली. पाणिनीचें व्याकरण शिकलेल्यास ही रीत परकी वाटूं नये. आधीं उत्सर्ग, मागाहून अपवाद!

लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्स लिहावयास घेतली ती याच धर्तीवर. हिच्या गाभ्यास कर्नल म्हणतात, आणि बहुतेक ड्रायव्हरांचा संसार या कर्नलच्या माजघरांतच असतो. यूएसबीच्या तारेनें उपकरण जोडलें कीं तें प्रथम दोन अंक सांगतें. एक कारखानदाराचा, दुसरा नमुन्याचा. जणुं गोत्र व नांव सांगून केलेलें अभिवादनच तें! त्या अंकांवरून योग्य दुभाषी शोधला जातो.

कर्नलच्या आंतील रीतिभाती वारंवार बदलतात. त्या स्थिर राहतील असें वचन कोणी देत नाहीं. परंतु संकेत असा आहे कीं, जो रीत बदलील त्यानेंच तिच्यावर विसंबलेले घरांतील सर्व ड्रायव्हर दुरुस्त करून द्यावे. ज्यानें बाहेर वेगळी चूल मांडली, त्यास हा आधार नाहीं. त्याच्या धन्याचें लक्ष उडालें कीं तो मागें पडलाच.

तथापि नुसत्या छपराखालीं राहून भागत नाहीं. २०१९ सालीं फ्लॉपी चकतीच्या ड्रायव्हरची देखभाल करणाऱ्यापाशीं चालू स्थितींतलें यंत्रच उरलें नाहीं. तेव्हां कर्नलच्या नोंदवहींत त्या ड्रायव्हरपुढें ‘अनाथ’ या अर्थाचा शेरा पडला. हा शब्द माझ्या पदरचा नव्हे. तेथील परिभाषाच तशी आहे. पुढें दुसऱ्या एकानें तें काम पत्करलें. पत्करतां आलें याचें कारण, पहिल्यानें केलेलें सर्व काम उघडें, कोणासही वाचतां येईल असें होतें. अर्थात् हें कुटुंबही प्रत्येक ओझें जन्मभर वाहत नाहीं. ज्या ३८६ जातीच्या चिपवर लिनक्सचा जन्म झाला, तिलाच २०१३ सालच्या ३.८ या आवृत्तीपासून घरांत थारा उरला नाहीं.

हें सर्व मीं समजून घेतलें तें आमच्या घरच्या एका अडचणीमुळें. माझ्या आजोबांच्या मोडी लिपींतील चार वह्या आमच्यापाशीं आहेत. कागद इतका जीर्ण, कीं पान उलटतांना कडेचा तुकडा हातांत यावा. त्यांच्या प्रतिमा स्कॅनरनें उतरून ठेवाव्या असें ठरलें. परंतु मुलाच्या नव्या संगणकानें आमच्या जुन्या स्कॅनरला ओळखच दिली नाहीं. ‘हा नमुना आम्ही आतां सांभाळीत नाहीं, नवा घ्यावा,’ असें कारखानदाराचें उत्तर आलें. सूनबाई तो भंगारांत देण्याच्या बेतांत होत्या. इतक्यांत नातवानें अडगळींतल्या एका संगणकावर लिनक्स बसविली, आणि त्याच स्कॅनरनें पहिलें पान मुकाट्यानें उतरून दिलें.

“आजोबा, यंत्र बिघडलेलंच नव्हतं,” नातू म्हणाला, “त्याची बोली जाणणारा तेवढा या घरांत नव्हता.”

स्कॅनरचे दुभाषी बहुधा माजघरांत नसतात. ते ओसरीवर, सामान्य प्रोग्रामांच्या पंक्तीस बसतात, हेंही त्यानेंच मला सांगितलें. पण माझें मन त्याच्या पहिल्या वाक्यापाशींच अडकलें होतें. वह्यांच्या प्रतिमा उतरल्या खऱ्या. त्या वाचणार कोण? मोडींत शब्दाशब्दांमध्यें जागा सुटत नाहीं, आणि आमच्या घरांत ती लिपि येणारा मी एकटा. स्कॅनरला दुभाषी मिळाला. वह्यांचा दुभाषी मात्र सत्तरीकडे झुकला आहे.

म्हणून आतां रोज दिवेलागणीनंतर नातू, नात आणि सूनबाई माझ्यापाशीं अर्धा तास बसतात. मी एक ओळ वाचतों, ते ती बाळबोधींत लिहितात. आजोबांच्या अक्षराच्या खास लकबी आम्ही एका निराळ्या वहींत टिपून ठेवितों, म्हणजे उद्यां परक्या माणसासही हें काम पुढें नेतां यावें. प्रगति मंद आहे. नात सर्वांच्या पुढें आहे.

वाचकहो, आपल्याही माळ्यावर एखादी जुनी पेटी असेल. ती उघडण्यापूर्वीं आंतली भाषा घरांत कोणास येते तें पाहावें; आणि येत असेल, तर त्या माणसास आज संध्याकाळींच गांठावें.